साँद्रास, ग्यूस्ताव्ह

(२४ फेब्रुवारी १८७२ – १९५१). फ्रेंच जिम्नॅस्ट व ऑलिंपिकमधील पहिला सर्वांगीण (सर्व प्रकारांतील गुण मिळून ठरणारा) विजेता. जन्म उत्तर फ्रान्समध्ये, रुबे या कापडगिरण्यांच्या शहराला लागून असलेल्या क्र्वा येथे. १८७०–७१ च्या युद्धात प्रशियाकडून हार पत्करल्यावर तरुण पिढी काटक व सैन्याला उपयोगी व्हावी म्हणून फ्रान्समध्ये गावोगावी जिम्नॅस्टिक्स मंडळे निघाली. १८७३ मध्ये त्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. साँद्रासची पिढी या वातावरणात वाढली.

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये प्रत्येक साधनाचे वेगळे बक्षीस होते, सर्वांगीण किताब नव्हता. पॅरिसला १९०० मध्ये नेमके उलटे झाले. जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने व्हँसेनच्या सायकल-मैदानात २९ व ३० जुलै रोजी भरलेल्या स्पर्धेत एकच किताब ठेवलेला होता. १३५ स्पर्धक, सोळा कसोट्या, प्रत्येकीला २० गुण, एकूण ३२०. आडवा बार, समांतर बार, रिंग्ज (टांगलेल्या कड्या), पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी बसवलेला आडवा घोडा) आणि फ्लोअरवर (जमिनीवर) प्रत्येकी दोन पाळ्या असत : एक नेमून दिलेल्या कसरतींची, दुसरी स्वतः रचलेली. शिवाय व्हॉल्ट (धावत येऊन साधनावरून मारायची उडी), दोरीवर चढणे, बांबू उडी, उंच व लांब उडी आणि वजन उचलणेही होते.

अशा यादीत एका साधनावरचा वस्ताद मागे पडतो. रिंग्जसाठी खांदे-दंड कमावलेल्या गड्याला शरीराचे वजन उड्यांत आड येते; चांगल्या उडीपटूची पकड दोरीवर सुटू लागते. पॉमेल हॉर्सवर तर नुसती ताकद कामाची नाही. झोका खांद्यातून यावा लागतो; भार वेळेवर एका हातावरून दुसऱ्यावर गेला नाही की कंबर खाली येते, पाय हॉर्सला घासतात आणि लय मोडते. बाहू थकल्यावर ही चूक हमखास होते.

साँद्रासने ३०२ गुण मिळवले, म्हणजे सोळा कसोट्यांत मिळून अवघे १८ गमावले. सरासरी जवळजवळ १८.९. इतक्या भिन्न प्रकारांत कुठेही मोठी पडझड न होणे, हेच त्याचे खरे कर्तृत्व. नोएल बास (२९५) दुसरा व ल्यूसियाँ देमाने (२९३) तिसरा आला. पहिले अठराही जण फ्रेंच होते. स्पर्धकांत यजमानांचाच भरणा असल्याने या विजयाचे आंतरराष्ट्रीय वजन जपूनच तोलावे लागते. तरीही एकाच पद्धतीत तयार झालेल्या इतक्या देशबांधवांना सात गुणांच्या फरकाने मागे टाकणे सोपे नव्हते.

१९०३ मध्ये अँटवर्पला झालेल्या स्पर्धेत, जी पुढे पहिली जागतिक स्पर्धा मानली गेली, सर्वांगीण किताब फ्रान्सच्याच जोसेफ मार्तिनेझने जिंकला. देमाने मात्र बराच काळ खेळत राहिला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्याला सांघिक कांस्यपदक मिळाले.