नॅन वेगळा, अवैध बिटरचना वेगळी

डीबगरमध्ये (चालू प्रोग्राममधील चुका शोधण्याच्या साधनामध्ये) एखाद्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे अपूर्णांकी संख्या साठवणाऱ्या, चलाच्या जागी आकड्याऐवजी भलतेच काही दिसले की ‘नॅन आला’ असे म्हणून मोकळे होण्याची सवय प्रोग्रामरांमध्ये खोलवर रुजली आहे. बगच्या नोंदींत ती दिसते, कोडच्या परीक्षणात दिसते, आणि जे स्वतः डीबगर लिहितात त्यांच्या कोडमध्येही दिसते, हे मला सर्वांत जास्त खटकते. नॅन (‘नॉट अ नंबर’, म्हणजे ‘संख्या नाही’) हे एक रीतसर मूल्य आहे, तर अवैध बिटरचना, म्हणजे ज्यांना कोणताच अर्थ नाही असे बिट, हे मूल्यच नव्हे. डीबगरने या दोहोंना एकाच मापाने मोजले, तर तो वापरणाऱ्याची दिशाभूल करतो आणि क्वचित स्वतःही कोसळतो.

नॅन वाचकाला ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. फ्लोटिंग पॉइंटसाठीच्या आयईईई ७५४ मानकाच्या ३२ बिटी प्रकारात घातांकाचे आठही बिट १ असले आणि अपूर्णांकाच्या २३ बिटांपैकी एक जरी १ असला, तर ते नॅन होय. असे १,६७,७७,२१४ नॅन या एका प्रकारात मावतात. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की ३२ आणि ६४ बिटी प्रकारांत अर्थहीन रचना एकही नाही. स्मृतीतील कोणताही कचरा उचला, तो शून्य, साधी संख्या, अतिलघू संख्या, अनंत किंवा नॅन यांपैकी काहीतरी असतोच.

गोंधळाचे मूळ ‘इनव्हॅलिड’ या शब्दात आहे. शून्याला शून्याने भागणे किंवा ऋण संख्येचे वर्गमूळ काढणे या क्रियांना मानक ‘इनव्हॅलिड ऑपरेशन’ म्हणते. तेथे अवैध असते ती क्रिया. तिचे उत्तर म्हणून मिळणारा नॅन पूर्णपणे वैध असतो, आणि ‘येथे संख्या नाही’ हे सांगण्यासाठीच तो योजलेला आहे. ‘नॅन म्हणजे अवैध मूल्य’ असे वाक्य एकदा मनात बसले की खरोखरच अवैध असलेल्या रचनेसाठी आपल्याजवळ शब्दच उरत नाही.

खरी अवैध रचना भेटते ती इंटेलच्या ८० बिटी विस्तारित प्रकारात, म्हणजे एक्स८६ (इंटेल घराण्याच्या) प्रोसेसरांवरील बहुतेक सी कंपायलर ज्याला ‘लाँग डबल’ म्हणतात त्या प्रकारात. त्यात चिन्हाचा १ बिट, घातांकाचे १५ बिट आणि ६४ बिटांचा सिग्निफिकंड (संख्येचे अंक धरणारा भाग) असतो. इतर प्रकारांत दशांशचिन्हाच्या डावीकडचा १ गृहीत धरलेला असतो. येथे तो पूर्णांक बिट म्हणून प्रत्यक्ष साठवलेला असतो. जे साठवता येते ते चुकीचेही साठवता येते. घातांक शून्य नसताना पूर्णांक बिट ० असेल, तर ती रचना कोणत्याच मूल्याची नसते. घातांक सर्व १ असल्यास तिला सुडो-नॅन किंवा सुडो-अनंत म्हणतात, एरवी अननॉर्मल. १९८० च्या ८०८७ या इंटेलच्या गणिती चिपला अशा रचना चालत असत. ८०३८७ पासून पुढच्या प्रोसेसरांनी त्या नाकारल्या. (घातांक शून्य आणि पूर्णांक बिट १ अशी रचना मात्र प्रोसेसर आजही स्वीकारतो, तिला अवैध ठरवू नये.)

सगळे येथेच घसरतात, म्हणून हा मुद्दा सावकाश मांडतो. अवैध रचना आहे तशी स्मृतीतून रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतील साठवणजागेत) आणली तर काहीच घडत नाही. पण तिच्यावर बेरीज केली, किंवा ती ६४ बिटी प्रकारात उतरवली, की प्रोसेसर ‘इनव्हॅलिड ऑपरेशन’ची नोंद करतो आणि, अपवाद झाकलेला असल्यास, म्हणजे अशा वेळी प्रोग्राम न थांबवण्याची सूचना प्रोसेसरला असल्यास, उत्तर म्हणून नॅन देतो. म्हणजे डीबगरने लक्ष्य प्रोग्राममधील (ज्याची तपासणी चालू आहे त्यातील) बाइट वाचून, सोयीसाठी स्वतःच्या ‘डबल’मध्ये (६४ बिटी प्रकारात) घेऊन मग छापले, तर पडद्यावर प्रामाणिकपणे नॅन दिसतो, आणि तो नॅन डीबगरने स्वतः तयार केलेला असतो. पुरावा हाताळतानाच पुसला गेला. ‘स्वतःशी तुलना करून पाहा, समान नसेल तर नॅन’ ही सर्वांची आवडती युक्तीही येथे कामाची नाही, कारण प्रोसेसरची तुलना अवैध रचनेलाही ‘अतुलनीय’च ठरवते. त्यामुळे वैधतेची तपासणी बिटांवर करावी, ती सर्वांत आधी करावी, आणि तोपर्यंत त्या बाइटांना फ्लोटिंग पॉइंटच्या एकाही सूचनेचा स्पर्श होऊ देऊ नये. जीडीबी हा प्रसिद्ध डीबगर हेच करतो: आधी रचना तपासतो आणि ती अवैध असेल तर ‘इनव्हॅलिड फ्लोट व्हॅल्यू’ असे सरळ लिहितो, नॅन असेल तर नॅन लिहून त्याच्या अपूर्णांकाचे बिट कंसात दाखवतो. मला हीच पद्धत योग्य वाटते.

हा शुद्धतेचा हट्ट नाही. पुढील दहा बाइट पाहा, कमी वजनाचा बाइट आधी: ०० ०४ ०० ०० ०० ०० ०० ०० ०० ०४. शेवटच्या दोन बाइटांतील घातांक शून्य नाही, आणि आठव्या बाइटचा सर्वांत वरचा बिट, म्हणजे पूर्णांक बिट, ० आहे. हा अननॉर्मल झाला. ग्लिबसी या सी भाषेच्या लायब्ररीच्या २.२३ पूर्वीच्या आवृत्त्यांत एक्स८६ वर अशी रचना ‘प्रिंटएफ’ या छपाईच्या कुळातील फंक्शनला दिली की स्टॅकवरील बफर ओसंडून जात असे. २०२० साली सुरक्षा-त्रुटी म्हणून तिची नोंद झाली. डीबगरचे काम न भरलेले चल आणि बिघडलेला स्टॅक पाहण्याचेच असल्यामुळे हे दहा बाइट त्याच्यापुढे कधी ना कधी येणारच.

निरोगी प्रोग्राममध्येही ही रचना दिसते. एमएमएक्स या इंटेलच्या पूर्णांक-गणिताच्या सूचनासंचाची रजिस्टरे ही जुन्या फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांचेच खालचे ६४ बिट आहेत, आणि त्यांत पूर्णांक लिहिला की वरचे १६ बिट आपोआप १ होतात. १ हा पूर्णांक लिहून तेच रजिस्टर फ्लोटिंग पॉइंट म्हणून पाहिले तर सुडो-नॅन दिसतो, आणि जीडीबीची रजिस्टर-यादी त्यापुढे ‘अनसपोर्टेड’ असे लिहिते. तेथे कोणतेही गणित बिघडलेले नसते. नॅन समजून त्याच्या उगमाचा माग काढणाऱ्याचा दिवस मात्र वाया जातो.

नॅनच्या पोटात शांत आणि सिग्नलिंग (वापरताच ‘इनव्हॅलिड ऑपरेशन’ची नोंद करवणारा) असा भेद आहे. तो सोपा आहे, पण डीबगरला नडतो. सिग्नलिंग नॅन रूपांतरात शांत होतो: हेक्समधील ७एफए००००० चा ७एफई००००० होतो, एकच बिट बदलतो. ३२ बिटी एक्स८६ वर फंक्शनने ‘फ्लोट’ परत केला तरी एवढे पुरते. म्हणून ‘वाचले आणि तसेच परत लिहिले’ ही क्रिया बाइटांच्या प्रतीनेच करावी.

नॅनची खरी अडचण अटींमध्ये येते. ब्रेकपॉइंटला (प्रोग्राम जेथे थांबवायचा त्या खुणेला) ‘चल १०० पेक्षा मोठे असेल तर थांब’ अशी अट घातली आणि चलात नॅन आला, तर तुलना असत्य ठरते आणि प्रोग्राम नेमका थांबायला हवा तेथूनच पुढे निघून जातो. अट ‘१०० किंवा त्याहून लहान नसेल तर’ अशी उलटी लिहिली म्हणजे नॅनही सापडतो. वॉचपॉइंटने (चल बदलले की प्रोग्राम थांबवणाऱ्या खुणेने) जुने आणि नवे मूल्य बाइटवार ताडावे. संख्या म्हणून ताडल्यास नॅन प्रत्येक वेळी ‘बदललेला’ ठरेल. ‘लाँग डबल’ने १६ बाइट व्यापले असतील, तर भरणीचे ६ बाइट त्या तुलनेतून वगळावेत. नॅनचे पूर्णांकात रूपांतर तर डीबगरने यजमान यंत्रावर (तो स्वतः चालतो त्या यंत्रावर) करूच नये: सी भाषेत ते अनिर्धारित वर्तन आहे, एक्स८६ त्याचे सर्वांत लहान ऋण पूर्णांक करतो आणि आर्म प्रोसेसर त्याचे शून्य करतो.

अवैध रचना सापडल्यावर संपूर्ण आज्ञाच त्रुटीचा संदेश देऊन थांबवणारे डीबगर मला मुळीच पसंत नाहीत. चाळीस घटकांच्या स्ट्रक्चरमधील एक घटक बिघडला म्हणून उरलेले एकोणचाळीस लपवण्याचे कारण नाही. त्या एका जागी खूण करावी, शेजारी कच्चे बाइट दाखवावेत आणि छपाई पुढे चालू ठेवावी. त्रुटीचा संदेश द्यायचाच असेल, तर वापरणारा त्या रचनेवर गणित करायला जाईल तेव्हा द्यावा.