ऑस्ट्रिया की ऑस्ट्रेलिया? परदेशी पार्सल देण्यापूर्वी हे वाचा

नेरळ आणि नेरूळ यांतला फरक ठाण्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. एक माथेरानच्या पायथ्याशी, दुसरं नवी मुंबईत. कोपर, कोपरी आणि कोपरखैरणे ही तीन वेगळी ठिकाणं आहेत, हेही लोकलनं फिरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. रिक्षात बसताना आपण नुसतं 'कोपरी' म्हणून थांबत नाही, 'ठाणे पूर्व' हे जोडतोच. पण मुलगा शिकायला ऑस्ट्रियातल्या लिंझला गेला आणि त्याला चकल्या पाठवायच्या ठरल्या, की तीच मंडळी आमच्या कुरियरच्या काउंटरवर येऊन म्हणतात, "पत्ता व्हॉट्सॲपवर आहे, तुम्हीच बघून घ्या." व्हॉट्सॲप उघडून बघावं, तर देशाच्या जागी नुसतं 'ऑस'.

वजन कसं धरतात, आधार कार्डाची प्रत का लागते, खोक्याच्या लांबी-रुंदी-उंचीवरून आकारमानाचं वजन कसं काढतात, हे आमच्या बहुतेक ग्राहकांना आता ठाऊक आहे. ते इथे पुन्हा सांगत नाही. तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो देशाच्या नावात, म्हणून हे पत्रक.

काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट आहे. नौपाड्यातल्याच एक काकू सकाळी दुकान उघडतानाच खोकं घेऊन आल्या. भाजणीच्या चकल्या, कडबोळी, पातळ पोह्यांचा चिवडा आणि गोडा मसाला. चकल्या मोडू नयेत म्हणून डब्यातल्या फटींत त्यांनी कुरमुरे भरले होते. बेसनाचे लाडू आम्हीच काढून ठेवायला सांगितले, कारण बाहेरच्या देशांतून येणाऱ्या घरगुती पार्सलमधून दुधातुपाचे पदार्थ युरोपीय संघात येऊ देत नाहीत. म्हणजे नियम आम्ही ऑस्ट्रियाचे तपासले. पत्ता मात्र नातवानं पाठवलेल्या निरोपावरून भरला गेला : लिंझ, ४०२०, ऑस. मशीनमध्ये 'ऑस' टाकलं की ऑस्ट्रेलिया उमटतं, कारण देशांच्या तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेतांत 'एयूएस' म्हणजे ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रियाचा संकेत 'एयूटी' आहे.

तरीही पिनकोडवर चूक पकडली जायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण ऑस्ट्रियाचा पिनकोड चार आकडी आणि ऑस्ट्रेलियाचाही चार आकडी. ४०२० हा लिंझचा पिनकोड, आणि हाच ४०२० ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या रेडक्लिफचा. मशीननं निमूटपणे रेडक्लिफ सुचवलं, दिवाळीची गर्दी होती, आमच्या मुलानं बटण दाबलं. खोकं ऑस्ट्रेलियात गेलं. तिथे खाद्यपदार्थांची जैवसुरक्षा तपासणी फार कडक असते, त्यात ते अडकलं. सुटलं असतं तरी त्या नावाचा रस्ता तिथे नव्हताच. परत आणण्याचा खर्च पाठवण्याच्या खर्चापेक्षा जास्त येत होता. दुसरं खोकं आम्ही आमच्या खर्चानं पाठवलं, पण चकल्या काकूंना पुन्हा करायला लागल्या आणि नातवाच्या हातात फराळ पडला तो तुळशीचं लग्न झाल्यावर. काकू आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

त्या दिवाळीपासून आम्ही नुसत्या देशाच्या नावावरून पार्सल घेत नाही. फोन नंबर बघून घेतो.

परदेशी नंबराच्या सुरुवातीचा कोड हा देश ओळखण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. ऑस्ट्रियाचा +४३, ऑस्ट्रेलियाचा +६१. यात ऐकण्याची चूक होत नाही. नावं मात्र कानाला इतकी जवळची, की फोनवर बोलताना हमखास घोटाळा होतो. खरं तर त्या दोन नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ऑस्ट्रियाचे लोक आपल्या देशाला 'ओस्टराइश' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचं राज्य. ऑस्ट्रेलिया हे नाव लॅटिनमधल्या 'दक्षिणेकडचा' या अर्थाच्या शब्दावरून आलं. एक पूर्वेचा, एक दक्षिणेचा, आणि आपल्या कानाला दोन्ही सारखे.

फोन नंबराबाबत एक अडचण मात्र वारंवार येते. मुलं परदेशात गेली तरी व्हॉट्सॲप इथल्याच नंबरावर चालू ठेवतात. तुम्ही आम्हाला तो +९१ चा नंबर देता. त्यावरून देश कळत नाही, आणि खोकं घेऊन दारात उभा असलेला तिकडचा माणूस त्या नंबरावर फोनही करत नाही. कृपया मुलाकडून त्याचा तिकडचा नंबर मागवून ठेवा. ही एक गोष्ट घरून करून आलात तर काउंटरवर तुमची दहा मिनिटं वाचतात.

आता ज्या नावांवरून आमच्याकडे सर्वाधिक गोंधळ होतो, त्यांबद्दल थोडं.

जॉर्जिया. वैद्यकीय शिक्षणासाठी आपल्याकडची बरीच मुलं तिबिलिसीला जातात. तो जॉर्जिया हा काळ्या समुद्राकाठचा स्वतंत्र देश, कोड +९९५. अमेरिकेतलं जॉर्जिया हे राज्य आहे, तिथलं मोठं शहर अटलांटा, कोड +१. पालक 'जॉर्जिया' म्हणतात आणि नवा बुकिंगवाला अमेरिका निवडतो. त्यात पत्त्यात कोणी 'जीए' लिहिलं असेल तर अमेरिकेवर शिक्कामोर्तबच होतं, कारण ते त्या राज्याचं लघुरूप आहे. देश असलेल्या जॉर्जियाचा संकेत 'जीई'. आणि देशांच्या यादीत 'जीए' म्हणजे आफ्रिकेतला गॅबॉन! म्हणून तिबिलिसी हे शहराचं नाव पूर्ण लिहा, बाकीचं आम्ही बघतो.

अशी दोन अक्षरी लघुरूपं हा वेगळाच त्रास आहे. 'सीए' लिहिलं की कोणाला कॅलिफोर्निया म्हणायचं असतं, पण देशांच्या यादीत सीए म्हणजे कॅनडा. 'एसए' लिहून दक्षिण आफ्रिका सांगणारे ग्राहक दर महिन्याला येतात. त्या यादीत एसए म्हणजे सौदी अरेबिया, दक्षिण आफ्रिकेचा संकेत 'झेडए', आणि ॲडलेडच्या पत्त्यात एसए असेल तर ते दक्षिण ऑस्ट्रेलिया हे राज्य. 'सीएच' बघून चीन समजू नका, ते स्वित्झर्लंड आहे. त्या देशाच्या लॅटिन नावाची ती आद्याक्षरं आहेत. चीनचं 'सीएन'. आमची विनंती एवढीच, की लघुरूप लिहूच नका.

स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांत गफलत झाली तर नुसता पत्ताच चुकत नाही, नियमही चुकतात. स्वीडन युरोपीय संघात आहे, स्वित्झर्लंड नाही. कस्टमची कागदपत्रं, शुल्क, खाद्यपदार्थांची बंधनं सगळं वेगळं. स्टॉकहोम, गोथेनबर्ग असेल तर स्वीडन, +४६. झुरिक, जिनिव्हा, बासेल असेल तर स्वित्झर्लंड, +४१. इथे पिनकोडही मदतीला येतो : स्वीडनचा पाच आकडी, स्वित्झर्लंडचा चार आकडी. नावांचा हा घोळ साऱ्या जगात चालतो. आफ्रिकेतल्या स्वाझिलँडच्या राजांनी २०१८ साली, स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली तेव्हा, देशाचं नाव बदलून इस्वातिनी केलं. परदेशात लोक आपल्या देशाला स्वित्झर्लंड समजतात, हे त्यांनी तेव्हा कारण म्हणून सांगितलं होतं.

स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया ही जोडी जरा जास्त अवघड आहे. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा, कोड +४२१, पिनकोड पाच आकडी. स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना, कोड +३८६, पिनकोड चार आकडी. झेंडेही जवळजवळ सारखेच, पांढरा-निळा-तांबडा आणि बाजूला ढाल. खरा फसवणारा भाग पुढे आहे. स्लोव्हाकियाचे लोक स्वतःच्या देशाला 'स्लोव्हेन्स्को' म्हणतात. मुलाला कंपनीकडून आलेल्या स्थानिक भाषेतल्या पत्रावरून कोणी पत्ता उतरवून आणला, तर तो शब्द वाचून स्लोव्हेनियाच वाटतं. आम्हीही एकदा फसता फसता वाचलो, पिनकोडाचे आकडे मोजले म्हणून.

अरब देशांतल्या पार्सलमध्ये ओमान आणि अम्मान. ओमान हा देश, राजधानी मस्कत, +९६८. अम्मान ही जॉर्डनची राजधानी, +९६२. फोनवरून पिकअप सांगताना इथे फार चूक होते, कारण ऐकताना पहिल्या अक्षरापुरताच फरक आहे.

आफ्रिकेत लागोसला नोकरीसाठी गेलेल्यांची पार्सलं आमच्याकडे बरीच असतात. लागोस नायजेरियात, +२३४. नायजर हा त्याच्याच उत्तरेला असलेला वेगळा देश, राजधानी नियामे, +२२७. दोन्ही नावं एकाच नायजर नदीवरून पडलेली, दोन्ही देश १९६० सालीच स्वतंत्र झाले, एक ब्रिटिशांपासून आणि एक फ्रेंचांपासून. यादीत ही दोन नावं एकाखाली एक येतात आणि बोट सरकलं की दुसराच देश निवडला जातो. झांबिया आणि गांबिया ऐकताना फसवतात, तर मॉरिशस आणि मॉरिटानिया यांचं यादीत तेच होतं. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी मंडळी आहेत. ते हिंदी महासागरातलं बेट, +२३०. मॉरिटानिया सहाराच्या वाळवंटात, आफ्रिकेच्या पार पश्चिम किनाऱ्यावर, +२२२. एकाचं पार्सल दुसऱ्याकडे गेलं तर अख्खं खंड ओलांडून परत यावं लागेल.

कोडसुद्धा पूर्ण वाचायला हवा असे काही देश आहेत. आयर्लंड +३५३ आणि आइसलँड +३५४. लिथुएनिया +३७० आणि लाटव्हिया +३७१. काँगो नावाचे दोन देश आहेत, +२४२ आणि +२४३, आणि त्यांच्या राजधान्या ब्राझाव्हिल आणि किन्शासा एकाच नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. आणि आयर्लंडचा पत्ता असला तरी शहर विचारावंच लागतं : डब्लिन हा स्वतंत्र आयर्लंड, बेलफास्ट ब्रिटनमध्ये.

काही ग्राहकांची तक्रार असते, की आम्ही फार चौकशा करतो. दुसरीकडे पटकन बुकिंग होतं, इथे पत्ता दोनदा वाचून दाखवतात, सही घेतात, कधी मुलाला व्हिडिओ कॉल लावायला सांगतात. हे सगळं आम्ही करतो, आणि करत राहू. परदेशी पार्सलसोबत कस्टमची कागदपत्रं जातात आणि त्यांत देश लिहिलेला असतो. घर क्रमांक चुकला तर दुरुस्ती करता येते. देश चुकला तर आमच्या हिशेबात ते नवं बुकिंग ठरतं, नवे कागद आणि नवे पैसे. म्हणून पावतीवर देशाचं नाव आम्ही मराठीतही मोठ्या अक्षरांत लिहितो आणि त्याखाली तुमची सही घेतो. सही करण्यापूर्वी तेवढी एक ओळ वाचा. चष्मा घरी राहिला असेल तर सांगा, आम्ही वाचून दाखवू. आमच्याकडून चूक झाली तर दुसरं पार्सल आमच्या खर्चानं जातं. सही केलेल्या पावतीवरचा देशच चुकीचा असेल, तर तो खर्च मात्र आम्हाला घेता येत नाही.

फोनवर सांगितलेला पत्ता आम्ही आता घेत नाही, कितीही जुनी ओळख असली तरी. काही जणांना याचं वाईट वाटतं. पण देशाच्या नावात घोळ झाला की काय होतं, ते आम्ही एकदा भोगलं आहे.

चांगला पत्ता कसा असतो, ते सोपं आहे. मुलानं स्वतः टाइप केलेला, जसा त्याच्या वीजबिलावर किंवा भाडेकरारावर असतो तसाच. रस्ता, घर क्रमांक, शहर, पिनकोड, देशाचं पूर्ण नाव आणि तिकडचा फोन नंबर. मराठीत भाषांतर करू नका, स्पेलिंग सुधारू नका. एकदा असा पत्ता आमच्याकडे आला की तो तुमच्या नावानं नोंदवून ठेवतो, पुढच्या वेळी तुम्ही फक्त 'लेकीला पाठवायचंय' म्हणा. आमच्या वहीत अशा कित्येक लेकी-जावयांचे पत्ते आहेत. लेकीनं घर बदललं की तेवढं मात्र आठवणीनं कळवा.

नौपाडा, पाचपाखाडी, कोपरी आणि घोडबंदर रोडला घरून पिकअप आहे. फराळाचे जिन्नस आम्ही हवाबंद पिशवीत बांधून देतो, चकल्यांसाठी वेगळे ताठ पुठ्ठ्याचे खोके आहेत. कोणता पदार्थ कोणत्या देशात चालतो, हे विचारायला पार्सल घेऊन यायची गरज नाही. आधी फोन करा, म्हणजे लाडू वळून झाल्यावर घरी ठेवावे लागणार नाहीत. युरोप आणि ऑस्ट्रेलियाची फराळाची पार्सलं दसऱ्यानंतर लगेच द्यावीत, शेवटच्या आठवड्यात विमानात जागा मिळणं आमच्या हातात राहत नाही. येताना आधार कार्डाची प्रत, आणि मोबाइलमध्ये तो तिकडचा नंबर.