लोगोतला पिवळा बटणावर का चालत नाही?

गूगलच्या लोगोत चार रंग आहेत: निळा, लाल, पिवळा, हिरवा. या चारांपैकी कुठल्याही रंगाच्या बटणावर बारीक पांढरी अक्षरं लिहा, ती वेब सुलभतेच्या निकषावर नापास होतात. संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मानकानुसार साध्या मजकुराचं पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे दोघांच्या उजळपणाचं प्रमाण, किमान ४.५ हवं. लाल जेमतेम ३.९ गाठतो, निळा ३.६, हिरवा ३.१ आणि पिवळा फक्त १.७. यात लोगोचा काही दोष नाही, कारण लोगोतल्या अक्षरांना हा नियम लागूच नाही. चूक पुढे होते. ब्रँडबुकात, म्हणजे कंपनीच्या रंग-लोगोच्या नियमपुस्तिकेत, दिलेला निळा जसाच्या तसा प्रत्येक बटणावर आणि लिंकवर यायला हवा, असा आग्रह धरला जातो तिथे.

मुंबईच्या मेट्रोचं उदाहरण घ्या. वर्सोवा–घाटकोपर ही निळी मार्गिका, दहिसर–अंधेरी पश्चिम ही पिवळी. पांढऱ्या पडद्यावर दोघींची नावं त्यांच्याच रंगात लिहिली, तर निळी वाचता येते, पिवळी दिसेनाशी होते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा पिवळा मात्र भर गर्दीत लांबून ओळखू येतो, कारण त्याच्या शेजारी काळा आहे.

अक्षराची कड डोळ्याला कळते ती मुख्यतः उजळपणाच्या फरकावरून. लाल-हिरवा हा भेद त्यानंतरचा. आपल्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. उजळपणाच्या मोजणीत लांब आणि मध्यम तरंगलांबीच्या पेशींचाच भरणा असतो. निळ्याला दाद देणाऱ्या पेशी संख्येने थोड्या, आणि दृष्टीच्या अगदी केंद्रात तर जवळजवळ नसतातच. म्हणून उजळपणाच्या सूत्रात लाल प्रकाशाला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला अवघं ०.०७२२ वजन आहे. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणजे ९३ टक्के उजळपणा! तो पांढऱ्यात विरघळणारच.

सूत्रात एक खाच आहे आणि बहुतेक जण तिथेच अडखळतात. फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांना प्रत्येकी ० ते २५५ असा जो आकडा असतो, तो प्रकाशाचं प्रमाण नसतो. १२८ म्हणजे अर्धा प्रकाश नव्हे, सुमारे २१.६ टक्के. म्हणून आधी आकड्याला २५५ ने भागायचं. उत्तर ०.०४०४५ पर्यंत असेल तर १२.९२ ने भागायचं. त्याहून मोठं असेल तर त्यात ०.०५५ मिळवून १.०५५ ने भागायचं आणि २.४ घात करायचा. मग वरची वजनं लावून बेरीज. दोन्ही रंगांच्या उजळपणात ०.०५ मिळवून मोठ्याला लहानाने भागलं, की गुणोत्तर मिळतं. गूगलचा निळा, लाल ६६, हिरवा १३३, निळा २४४, असा मोजला तर उजळपणा ०.२४५ येतो. पांढऱ्याचा उजळपणा १, म्हणून १.०५ भागिले ०.२९५, म्हणजे ३.५६.

मिळवलेले ०.०५ हे पडद्यावर पडणाऱ्या आजूबाजूच्या उजेडासाठी आहेत, पण मुंबईतल्या दुपारला ते पुरत नाहीत. पडद्याचा पांढरा ५०० निट्सचा (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) आणि काचेवरून परतणारा उजेड १०० निट्सचा धरा. फलाटाच्या उघड्या टोकाला हे सहज घडतं. कागदावर ४.५ असलेली जोडी तिथे ३.१ वर येते. पहिला बळी अनुस्वाराचा: 'मंद'चं 'मद' होतं. मानक मोठ्या अक्षरांना ३ ची सवलत देतं, पण देवनागरीच्या मात्रा आणि टिंबं अक्षराच्या मानाने फारच लहान असतात. मराठी मजकुराला ही सवलत घेऊच नये.

तर मग ब्रँडचा रंग वापरायचा कसा? एका रंगाची फिकटापासून गडदापर्यंत दहा पायऱ्यांची शिडी करायची. ती एचएसएलमध्ये, म्हणजे छटा, शुद्धता आणि लाइटनेस (फिकट-गडदपणा) अशा तीन आकड्यांनी रंग सांगण्याच्या पद्धतीत, करू नका. तिथे शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघांचीही लाइटनेस ५० टक्के असते, प्रत्यक्षात उजळपणा एकाचा ९३ टक्के आणि दुसऱ्याचा ७. २०२० साली ब्यॉर्न ओटोसन यांनी मांडलेल्या ओकेलॅब या डोळ्याला जाणवणाऱ्या फरकांशी जुळणाऱ्या रंगपद्धतीवर आधारलेलं ओकेएलसीएच वापरा. रंगछटा कायम ठेवायची, लाइटनेस उतरवत न्यायची आणि दोन्ही टोकांना क्रोमा (रंगाचा भडकपणा) कमी करायचा. नाहीतर पडद्याच्या मर्यादेबाहेरचा रंग कापला जातो आणि छटा सरकते. गूगलच्याच निळ्या कुटुंबातला २६, ११५, २३२ हा गडद भाऊ पांढऱ्याशी ४.५ देतो. बटणाला तो, लोगोला मूळचा. पिवळा मात्र गडद करायच्या भानगडीत पडू नका, त्याचा खाकी होतो. त्याच्यावर काळी अक्षरं ठेवा, गुणोत्तर १२.३ मिळतं. आयकॉन आणि इनपुटची चौकट यांना ३ पुरे. ब्रँडच लाल असेल, तर चूक दाखवायला नुसता लाल उपयोगाचा नाही. चिन्ह आणि शब्द दोन्ही द्या.

'निळा विश्वास देतो, लाल भूक वाढवतो' हे रंगांचं राशिभविष्य सादरीकरणात फार चालतं. नवरात्रातले नऊ रंग हौसेने नेसावेत, पण 'पैसे पाठवा' या बटणाचा रंग मालकाच्या राशीवरून ठरवणं म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर अन्याय आहे.

डार्क मोडमध्ये शिडी उलटी चढायची. तोच गडद निळा १८, १८, १८ या जवळपास काळ्यावर ४.२ वर घसरतो. १३८, १८०, २४८ ही फिकट पायरी ८.९ देते. आणि गुणोत्तर ४.४८ आलं तर ते ४.५ धरायचं नाही. मानकात असं पूर्णांकन चालत नाही. लाइटनेस आणखी थोडी सरकवा, पांढऱ्यावर खाली आणि काळ्यावर वर, आणि पुन्हा मोजा.