सूज दाबावी की येऊ द्यावी?

ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात नव्याने भरती झालेल्या ३६४ जवानांवरचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचे घोटे मुरगळलेले. काहींना पिरॉक्सिकॅम हे दाहशामक, म्हणजे इजेनंतरची सूज, लाली आणि दुखणं (दाह) कमी करणारं, औषध दिलं, बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. औषध घेतलेल्यांचं दुखणं कमी राहिलं आणि ते लवकर प्रशिक्षणाला परतले. पण घोटे तपासल्यावर त्याच गटात सांध्याचा ढिलेपणा थोडा जास्त दिसला आणि घोट्याची हालचालही काहीशी कमी भरली. दुखणं थांबणं आणि दुखापत बरी होणं या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे अभ्यास फार नाहीत.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन ही सगळी त्याच कुळातली औषधं. ती नेमकं काय करतात याचा उलगडा ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनवर काम करताना केला. इजा झाली की पेशींमधली कॉक्स नावाची एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवू लागतात. या रसायनांमुळे तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, भाग लाल आणि गरम होतो, सूज वाढते, आणि नसांची टोकं इतकी हळवी होतात की नुसत्या स्पर्शानेही कळ येते. गोळी ही एन्झाइम अडवते. या कामासाठी वेन यांना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं.

मात्र ही सूज शरीर उगाच आणत नाही. काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे जमतात. त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी येतात, फाटलेल्या पेशींचा कचरा खाऊन टाकतात आणि मग नवीन ऊती बांधायचे संदेश सोडू लागतात. संशोधक चार्ल्स सेरहान आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली गोष्ट मला यात सगळ्यात विलक्षण वाटते: दाह आपोआप ओसरत नाही, शरीर तो मुद्दाम थांबवतं. थांबवणारी रसायनं वेगळी आहेत, आणि ती बनवायला घ्या हा इशारा सुरुवातीच्या प्रोस्टाग्लँडिनकडूनच मिळतो. म्हणजे सुरुवात दडपली, तर शेवटही लांबू शकतो.

स्नायूंचंही असंच. स्टॅनफर्डमधल्या हेलन ब्लाऊ यांच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांत दाखवलं की स्नायूंतल्या मूळ पेशींना (स्टेम सेल) वाढायला प्रोस्टाग्लँडिन ई-२ लागतं. दुखापतीनंतर दाहशामक औषध दिलेल्या उंदरांच्या स्नायूंची ताकद कमी प्रमाणात परतली.

मग २०२२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला आणि बरीच चर्चा झाली. कंबरदुखीच्या ज्या रुग्णांचं दुखणं तीन महिन्यांत गेलं, त्यांच्या रक्तात सुरुवातीला न्यूट्रोफिल अधिक कामाला लागलेले दिसले. ज्यांचं रेंगाळलं, त्यांच्यात ही हालचाल दिसली नाही. उंदरांना डायक्लोफेनॅक दिल्यावर तेवढ्यापुरता आराम पडला, पण एकूण दुखणं लांबलं. दाहाला हात न लावणाऱ्या वेदनाशामकांनी असं झालं नाही. ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या आरोग्याची माहिती साठवणाऱ्या यूके बायोबँकेच्या नोंदींतही दाहशामक घेणाऱ्यांचं दुखणं टिकून राहण्याचं प्रमाण जास्त निघालं. इथे मात्र सावध राहायला हवं. ज्यांना मुळातच जास्त दुखतं तेच जास्त गोळ्या घेतात, त्यामुळे नुसत्या नोंदींवरून गोळीला दोषी ठरवता येत नाही. उंदीर आणि माणूस यांच्यातलं अंतरही आहेच.

म्हणून दात-ओठ खाऊन वेदना सोसा, असा अर्थ कोणी काढू नये. दुखतं म्हणून पाय हलवलाच नाही तर सांधा आखडतो, स्नायू रोडावतात; बरं होण्यासाठी हालचाल लागते आणि हालचालीसाठी वेदना आटोक्यात असावी लागते. प्रश्न फक्त कोणत्या औषधाने, एवढाच. मुरगळणं, लचकणं, मुका मार यांवरच्या चाचण्या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या तज्ज्ञांनी एकत्र तपासल्या, तेव्हा वेदना कमी करण्यात साधं पॅरासिटामॉल आणि दाहशामक गोळ्या यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण पोटाच्या अस्तराचं रक्षण करणारं प्रोस्टाग्लँडिनही दाहशामक गोळ्या अडवतात आणि मूत्रपिंडांवरही ताण आणतात. पॅरासिटामॉल सहसा तो त्रास देत नाही. मात्र ठरलेल्या मात्रेपुढे गेलं तर यकृताला घातक ठरतं. डायक्लोफेनॅकचं जेल लावणं हा आणखी एक मार्ग. ताज्या मुरगळण्यावर ते चांगलं काम करतं आणि गोळीच्या मानाने रक्तात फारच कमी उतरतं.

हे सगळं ताज्या दुखापतीपुरतं. आमवातासारख्या आजारात दाह थांबायचं नावच घेत नाही आणि सांध्याचीच झीज करत राहतो. तिथे तो शमवणं हा उपचाराचाच भाग असतो. हृदयासाठी डॉक्टरांनी सुरू केलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असते. ती कोणीही आपल्या मनाने बंद करू नये.