दोन फोटो आणि एक सरळ रेघ

फर्ग्युसनला जिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला स्टिरिओस्कोप पहिल्यांदा हातात आला. दोन भिंगं, त्याखाली विमानातून काढलेले दोन ब्लॅक अँड व्हाइट फोटो. आधी सगळं धूसर, मग डोळे जरा सैल सोडले आणि एकदम टेकडी कागदातून वर उठून आली, मी दचकून मागेच सरकले.

हे होतं कसं तर विमान जाता जाता ठरावीक वेळाने फोटो काढतं, आणि दर फोटोत आधीच्या फोटोतला साधारण ६० टक्के भाग परत येतो. म्हणजे तीच टेकडी दोन जागांवरून दिसते. आपल्या दोन डोळ्यांत अंतर जेमतेम साडेसहा सेंटीमीटर, म्हणून लांबचं सपाट वाटतं, इथे तेच अंतर शेकडो मीटर! जमिनीवरचा छोटा उंचवटासुद्धा ठळक दिसतो, मग तो बंकर असो की मातीचा ढीग.

एअर फोर्सची १०६ स्क्वॉड्रन युद्धात शत्रूच्या भागाचे असे फोटो काढायचं काम करायची. १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी पुण्याहून ज्या कॅनबेरा बॉम्बर दाबोळी विमानतळावर बॉम्ब टाकायला गेल्या ना, त्याच विमानाचं फोटोवालं रूप यांच्याकडे होतं, पीआर ५७. पोटात कॅमेरे, बंदूक एकही नाही, बचाव काय तो उंचीचा. पण उंच गेलं की सगळं बारीक होतं. समजा १२ किलोमीटरवर ९० सेंटीमीटर फोकल लेंग्थची (म्हणजे साधारण लेन्स ते फिल्म एवढ्या अंतराची) लेन्स आहे, तर ७ मीटरचा ट्रक फिल्मवर अर्धा मिलिमीटर! आणि फोटो नीट एकावर एक यायला हवेत तर कॅमेरा चालू असेपर्यंत विमान सरळ, एका उंचीवर, न डुलता न्यायचं. खालून कोणी नेम धरला तरी.

मला यातली हिंमत तेव्हा कळली जेव्हा ही भूमिती कळली. याच स्क्वॉड्रनचे पायलट जगमोहन नाथ असेच अक्साई चिन आणि तिबेटवरून फोटो काढून आले, १९६५ ला पाकिस्तानवरून, आणि महावीर चक्र दोनदा मिळवणारे ते पहिले.

कारगिलला तर उंचीचाही आधार कमी, कारण तिथले डोंगरच पाच-पाच किलोमीटर उंच, खांद्यावरून सोडलेलं मिसाइल निघतानाच निम्मी वाट चढून आलेलं असतं. २१ मे १९९९ ला एअर फोर्सच्या पेरुमल आणि झा यांच्या कॅनबेराचं एक इंजिन अशाच मिसाइलने गेलं. दुसऱ्या इंजिनवर त्यांनी विमान श्रीनगरला उतरवलं, दोघंही सुखरूप.