मेन फ्यूज उडालाय की अल्टरनेटरचा डायोड जळालाय?

मागच्या पावसाळ्यात कोथरूडला आमच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये जंपर केबल उलटी लावण्याची चूक माझ्या हातून घडली. गाडी तीन आठवडे जागची हलली नव्हती, बॅटरी पार उतरली होती. शेजारच्या काकांनी त्यांची गाडी समोर आणून लावली आणि मी मोबाइलच्या उजेडात केबलचे चिमटे लावले. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर इतका साचला होता की अधिक-उणेच्या खुणा दिसेनात. लाल झाकण निसटून भलत्याच बाजूला पडलं होतं. त्यावरून मी अंदाज बांधला आणि तो चुकला. शेवटचा चिमटा टेकवताच फट्‌ आवाज झाला, ठिणगी उडाली, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला.

केबल सरळ लावल्यावर गाडी सुरू झाली, पण डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझेना. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला. आकडा १२.१ व्होल्ट. "अल्टरनेटर गेला, बदलावा लागेल." (अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र.) नाना पेठेतल्या एका वयस्कर वायरमनने मात्र आधी विचारलं, "अल्टरनेटरच्या मागच्या स्टडवर सप्लाय बघितला का?" त्या स्टडवर, म्हणजे जाड वायर आवळलेल्या बोल्टवर, बघितला, तर शून्य. अल्टरनेटर ठणठणीत होता, मेन फ्यूज उडाला होता.

या दोन बिघाडांची गल्लत होते, कारण दोन्हींची लक्षणं एकच: लाल दिवा पेटलेला, बॅटरी चार्ज होत नाही, गाडी दर सकाळी धक्क्याला आलेली. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

अल्टरनेटर मुळात एसी करंट तयार करतो. त्याच्या आत साधारण सहा डायोड असतात, काहींत जास्त. ते त्याचा डीसी करतात आणि बॅटरीतला करंट उलटा आत शिरू देत नाहीत, एकदिशा झडपेसारखे. केबल उलटी लागली की या झडपा सताड उघडतात आणि मदतीला आलेल्या बॅटरीचा शेकडो अँपिअरचा लोंढा त्यांच्यातून थेट वाहतो. वाटेत जाड फ्यूज असतो, बऱ्याच गाड्यांत ८० ते १२० अँपिअरचा, कधी बॅटरीच्या धन टोकावरच, कधी बॉनेटखालच्या बॉक्समध्ये स्क्रूने आवळलेला. तो वेळेत वितळला तर डायोड वाचतात, उशीर झाला तर डायोड जळतात. कधी दोन्ही जातात, आणि मग नवा फ्यूज लावताक्षणी उडतो. तसं झालं तर तिसरा फ्यूज आणायला धावू नका, दोष पुढे आहे.

ओळखायचं कसं, तर इंजिन बंद ठेवून. आधी बॅटरीचा आकडा घ्या. पूर्ण भरलेली असेल तर १२.६ व्होल्ट, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. मग मीटरची काळी वायर इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या स्टडवर, रबरी टोपी सरकवून, अलगद टेकवा. बॅटरीइतकाच आकडा आला तर फ्यूज शाबूत आहे. शून्य किंवा नगण्य आला तर फ्यूज उडाला आहे किंवा मधली वायर तुटली आहे. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि ते केल्याशिवाय अल्टरनेटर उतरवू देऊ नका, असं मी आता ज्याला-त्याला सांगतो. एवढंच सांभाळा की स्टडला पाना लावताना तो बॉडीला टेकला तर पुन्हा तीच ठिणगी. पाना लावायचाच असेल तर आधी बॅटरीचं ऋण टोक सोडा.

स्टडवर सप्लाय आहे आणि तरी चार्जिंग नाही, तर संशय डायोडवर किंवा रेग्युलेटरवर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या भागावर. इंजिन चालू करून हेडलाइट लावा, बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. हेडलाइट लावायला यासाठी सांगतो की नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो आणि लोड नसताना आकडा खाली असला तरी काही बिघडलेलं नसतं. आता मीटर एसी व्होल्टवर न्या. बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड गेलाच समजा. आणखी एक खूण आहे. धन आणि ऋण दोन्ही बाजूंचे डायोड गळायला लागले तर रात्रभर उभ्या गाडीतही बॅटरी उतरत राहते, आणि सकाळी थंड इंजिनावर अल्टरनेटर तेवढा हाताला कोमट लागतो.

चालू इंजिनवर बॅटरीचं टोक काढून "गाडी बंद पडते का बघू" ही ॲम्बेसेडरच्या काळातली परीक्षा मात्र कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळून वाचलेला कंट्रोल युनिटही, म्हणजे गाडीचा संगणक, जाऊ शकतो.

फ्यूज त्याच अँपिअरचा घ्या, तार गुंडाळून काम भागवू नका. फ्यूज बदलल्यावर स्टीअरिंग जड लागतंय का, स्टिरिओ चालतोय का, एअरबॅगचा दिवा राहिलाय का, हेही त्याच दिवशी बघा. त्या ठिणगीत यांतलंही काही गेलेलं असू शकतं.

माझी गाडी नव्या फ्यूजवर १४.२ दाखवू लागली. घरी येऊन पहिल्यांदा गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घेऊन बॅटरीची टोकं घासली. थराखाली अधिकची खूण स्पष्ट कोरलेली होती. तिच्याशेजारी, झाकणावर नव्हे तर बॅटरीच्या अंगावरच, लाल ऑइल पेंटचा ठिपका दिला. केबलचा शेवटचा काळा चिमटा कुठे लावायचा त्या इंजिनच्या बोल्टवरही एक ठिपका दिला, कारण तो उतरलेल्या बॅटरीच्या टोकावर लावायचाच नसतो. तिथे हायड्रोजन साचलेला असतो.