एलजीबीटी सैनिक आणि माजी सैनिकांची समान वागणुकीची चळवळ

समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्सजेंडर सैनिकाला भरती, बढती, डिस्चार्ज (फौजेतून सुटका), पेन्शन सगळीकडे बाकीच्या जवानांसारखंच वागवा, ही मागणी. यात माजी सैनिकांचा मुद्दा वेगळा निघतो, कारण वर्दी उतरली तरी डिस्चार्जवरचा शेरा काही उतरत नाही.

चळवळीची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण १७७८ पासून मोजतात, अमेरिकेत व्हॅली फोर्जच्या छावणीतून जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेने लेफ्टनंट एन्स्लिनला पुरुषाशी संबंधाच्या प्रयत्नाचा ठपका ठेवून ढोल वाजवत हाकललं तिथून. पण त्याच्यावर खोटी शपथ घेतल्याचाही आरोप होता, आणि कोणाला हाकललं म्हणजे लगेच चळवळ झाली असं थोडीच असतं. दुसरं मत अमेरिकन फौजेतल्याच 'ब्लू डिस्चार्ज'चं. निळ्या कागदावरचा हा डिस्चार्ज धड सन्मानाचा नाही धड अपमानाचा नाही, पण नोकरी मागायला गेलं की समोरचा कागदाचा रंग पाहूनच काय ते समजायचा. समलिंगी सैनिकांसोबत काळ्या सैनिकांनाही तो भरपूर वाटला गेला, म्हणून १९४५ च्या सुमारास काळ्यांच्या वर्तमानपत्राने त्यावर मोहीम चालवली आणि १९४७ ला तो बंद झाला. तिसरं मत १९७५ चं, अमेरिकन हवाई दलातल्या लेनर्ड मॅटलोविचने मी गे आहे असं वरिष्ठांना लिहून दिलं ते. स्वतःहून केलेली मागणी म्हणून हेच जास्त पटतं. त्याच्या थडग्यावर नाव नाही, तिथे लिहिलंय की दोन माणसं मारली म्हणून पदक मिळालं आणि एकावर प्रेम केलं म्हणून डिस्चार्ज.

ब्रिटनने समलिंगी सैनिकांवरची बंदी २००० मध्ये उठवली, सरकारची माफी यायला जुलै २०२३ उजाडलं.

भारतात गाडी आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४६ वर अडते. 'अनैसर्गिक' प्रकारच्या लज्जास्पद वर्तनाला त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा, पण घटनेच्या अनुच्छेद ३३ प्रमाणे सैनिकांचे मूलभूत हक्क संसदेला कमी करता येतात, आणि जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपीन रावत यांनी लष्करात हे चालणार नाही असं सांगूनच टाकलं.

नागपुरात फौज काही लांबची गोष्ट नाही, कामठीची छावणी १८२१ ची, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचं सेंटर तिथलंच, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय वायुसेना नगरला. प्राइड मार्चही २०१६ पासून निघतो. कामठीच्या जवानाचं लग्न झालं की युनिटचा क्लार्क पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या नोंदीतला बदल कळवणारा आदेश) काढतो, बायकोचं नाव रेकॉर्डला चढतं आणि पुढची फॅमिली पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, कॅन्टीन कार्ड सगळं त्या एका नोंदीवरून चालतं. समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नकार दिला, त्यामुळे पार्टनर वीस वर्षं सोबत असला तरी त्याच्या नावाची पार्ट टू ऑर्डर निघत नाही.